बिनकामाची मुंबई आणि घारापुरीचे बेट

मराठवाड्यातील माणसाने मुंबईस निघावयाचे म्हटले की त्याच्यापाशी काही तरी सबब असावी लागते, असा नांदेड-लातूरकडील घराघरांतून एक अलिखित दंडक आहे. मंत्रालयात अडकून पडलेली दरखास्त, परळच्या टाटा रुग्णालयात दाखवावयाचा आप्त, मुलाची मुलाखत, किंवा निदान आमदार निवासात उतरलेल्या पुढाऱ्याच्या कानावर घालावयाचे गावचे गाऱ्हाणे, यांपैकी काहीएक पदरी नसताना कोणी तिकीट काढले, तर ओसरीवरची आजी विचारल्यावाचून राहत नाही : ‘कशाला जायलास रे मुंबईला? दवाखान्याचं काम हाय का मंत्रालयाचं?’ मित्रमंडळींसमवेत दोन दिवस जाऊन, शहर नुसते पाहून, जमल्यास एखादे बेट हिंडून परत यावयाचे, हे उत्तर तिच्या हिशेबात बसत नाही. कारण माहूर, तुळजापूर, पंढरपूर येथे माणूस देवासाठी जातो आणि मुंबईस कामासाठी जातो, एवढे दोनच प्रवास तिने आयुष्यभर मान्य केलेले असतात.

या समजुतीमागे इतिहासही आहे. 17 सप्टेंबर 1948 पावेतो हा सारा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता, आणि त्यानंतरही काही वर्षे हैदराबाद राज्याचा भाग म्हणून आमची राजधानी हैदराबादच होती. वकील, व्यापारी आणि विद्यार्थी यांची पावले स्वाभाविकपणेच त्या दिशेस वळत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, दफ्तरे मुंबईकडे गेली आणि दफ्तरांच्या मागोमाग अर्जदारही गेले. पुढे याच दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले : नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोकराव चव्हाण, लातूरकडील शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. राजधानीशी इतका निकटचा राजकीय संबंध असूनही सामान्य नांदेडकर-लातूरकरांची मुंबईशी असलेली ओळख मंत्रालयाच्या फाटकापासून रेल्वेच्या फलाटापर्यंतच येऊन थांबते, हे नवल आहे. जेथे आपण केवळ याचक म्हणून जातो ते स्थळ आपणांस दिसत नाही, दिसतो तो फक्त साहेबाच्या खोलीचा दरवाजा. म्हणूनच शनिवार-रविवारची बिनकामाची मुंबई ही मला चैनीपेक्षा शिक्षणाची बाब अधिक वाटते.

प्रवासापासूनच या शिक्षणास आरंभ होतो. नांदेड आणि लातूर ही शहरे एकमेकांपासून मोटारीने तीनेक तासांच्या अंतरावर; परंतु त्यांच्या मुंबईच्या वाटा अगदी निराळ्या. नांदेडकर देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड असा सुमारे 600 किलोमीटरांचा पल्ला करून कसाऱ्याच्या घाटाने उतरतो. लातूरकर धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पुणे असे करीत बोरघाटाने उतरतो. आणि रात्रभर परस्परांना पारखे झालेले हे दोन मार्ग पहाटे कल्याण स्थानकात एकत्र येतात. अर्धी मंडळी नांदेडची आणि अर्धी लातूरची असल्यामुळे आमच्या कंपूतील पहिली गळाभेट, गावे शेजारी असूनही, कल्याणच्या पुढे झाली. या दोन्ही लोहमार्गांना पूर्वी रुंदीचा शाप होता. मनमाडहून नांदेडकडे येणारा निजामाच्या काळातील मार्ग मीटरगेज असल्याने मनमाडला सारे सामान उतरवून गाडी बदलावी लागे, ती कटकट गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात संपली. लातूरला तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरून चालणारी चिमुकली गाडी 1911 मध्ये येऊन पोचली होती, आणि तिच्या जागी रुंद मार्ग होऊन मुंबईची थेट गाडी मिळावयास पुढील शतकाचे पहिले दशक जवळजवळ संपावे लागले. 2017 मध्ये हीच गाडी पुढे बिदरपर्यंत नेण्यात आली तेव्हा लातुरात आंदोलन का उसळले, हे ज्याने शुक्रवारी रात्री त्या फलाटावर आरक्षणाचा तक्ता वाचला आहे त्यास निराळे सांगावयास नको.

डब्यात धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा सट संपेपर्यंत गप्पा चालतात. आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर उतरताच बोलणे आपोआप थांबते, कारण त्या गर्दीत बोलावयास थांबलेला माणूस वाहून जातो. मुंबईची उपनगरी रेल्वे दररोज सुमारे 70 लाख माणसांची ने-आण करते; लातूर जिल्ह्याची सारी लोकसंख्या त्याहून कितीतरी कमी. नवख्यास हा सारा गोंधळ भासतो. परंतु हातात फाइल नसल्यामुळे स्थानकातील एखाद्या खांबाला टेकून घटकाभर स्वस्थ उभे राहण्याची ज्यास मुभा आहे, त्याच्या ध्यानात हळूहळू येते की या गोंधळास कायदा आहे. उतरणारे आधी आणि चढणारे नंतर; जलद गाडी कोणती आणि धीमी कोणती हे फलकावरील एका अक्षरावरून ओळखावयाचे; तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग टेकावयाचे आणि तिघांनी काही न बोलता सरकावयाचे; दाराशी उभे राहावयाचे तर आपले स्थानक कोणत्या बाजूस येणार हे आधी विचारून ठेवावयाचे. हे नियम कोणी हुकूम काढून लादलेले नाहीत, लाखो माणसांनी परस्परांच्या सोयीने घडविलेले आहेत. आमच्यातील एका लातूरकराने, ‘लातूर पॅटर्न’च्या शिस्तीस स्मरून, दोन्ही दिवसांचे मिनिटवार वेळापत्रक केले होते, त्यातील एकही मिनिट पाळले गेले नाही, तरी सर्व ठिकाणे पाहून झाली, यावरून या शहराचा कायदा आणि वेळापत्रकाचा कायदा एक नव्हे, एवढे सिद्ध झाले.

टर्मिनसची इमारतही घाईच्या माणसास दिसत नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने रचलेली आणि 1888 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह आणि दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ बसविलेला आहे, आणि भिंतींवरील पाने, फुले व प्राणी यांचे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. तेथून पायी निघावे, म्हणजे वाटेत हुतात्मा चौक लागतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, त्यांचे ते स्मारक होय. ते बलिदान झाले नसते तर मराठवाड्याचा अर्जदार आज कोणत्या शहराची वाट चालला असता, असा विचार त्या चौकात मनात आल्यावाचून राहत नाही. तेथून थोड्याच वेळात अपोलो बंदर येते, आणि गेटवे ऑफ इंडियाची भव्य कमान समोर उभी राहते. 1911 च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज येथे उतरला, त्याच्या स्मरणार्थ जॉर्ज विटेट याने ही कमान योजिली. परंतु ती पुरी होऊन खुली झाली 1924 मध्ये, आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून मायदेशी गेली. बादशहाच्या आगमनासाठी बांधलेल्या दरवाजाचा संस्मरणीय उपयोग बादशाहीच्या निर्गमनासाठी व्हावा, या योगायोगास इतिहासाचा विनोद म्हणावयास हरकत नाही.

कमानीच्या मागील पायऱ्यांवरून घारापुरीच्या लाँची सुटतात. अंतर सुमारे 10 किलोमीटर, वेळ एक तासाचा. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावरील एका प्रवासी बोटीस नौदलाची एक वेगवान नौका धडकून दहाहून अधिक माणसे दगावली. म्हणून जीवरक्षक जाकीट अंगावर चढविताना लाजू नये आणि फोटोसाठी ते काढूही नये. आमच्याकडील बहुतेकांस धरणापलीकडे अधिक मोठे पाणी ठाऊक नसल्यामुळे एखाद्यास बोट लागते. त्यास वरच्या मजल्यावर वाऱ्याला बसवावे. डावीकडे बंदराच्या याऱ्या, तेलवाहू जहाजे, जवाहर द्वीप, आणि दूर क्षितिजावर 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू. या सर्वांहून अधिक विस्मय वाटतो तो नुसत्या पाण्याचा. ज्या लातुरास एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेस पाच लाख लिटर, त्या लातूरचा माणूस या अथांग जलराशीकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात काव्याच्या आधी हिशेब येतो. आणि हे सारे खारे आहे, याचे त्यास मुंबईकरापेक्षा अधिक वाईट वाटते.

घारापुरी हे बेट दोन टेकड्यांचे आणि मधल्या खोऱ्याचे. ते मुंबईसमोर असले तरी मुंबईत नाही; रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात त्याची नोंद आहे. भरतीच्या वेळी त्याचे क्षेत्र सुमारे 10 चौरस किलोमीटर असते आणि ओहोटीस ते 16 च्या घरात जाते. किनाऱ्यास चिखलात रुजलेली तिवरे, वर आंबा, चिंच आणि ताड. राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांतून हजाराच्या आसपास माणसे राहतात. समोर रात्रभर मुंबई झगमगत असताना या वस्त्यांस संध्याकाळी काही तास जनित्राची वीज मिळे. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून कायमची वीज पोचली ती 2018 च्या फेब्रुवारीत. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत एक खेळण्यासारखी आगगाडी धावते, नंतर शंभरावर पायऱ्या, त्यांच्या दुतर्फा माळा, टोप्या, दगडी मूर्तींची दुकाने, कैरी-काकडी घेऊन बसलेल्या गावच्या बायका, आणि हातातील पिशवीवर डोळा ठेवून असलेली माकडे. ज्यांस चढणे जमत नाही त्यांच्यासाठी डोलीची तजवीज आहे.

पायऱ्या संपल्या की मुख्य लेणे येते. त्याचा मुख्य दरवाजा उत्तरेस आहे. आत शिरताच खांबांच्या रांगा आणि त्यांच्या टोकास, दक्षिणेच्या भिंतीवरील अंधारात, सुमारे 18 ते 20 फूट उंचीचा सदाशिव. लोक त्यास त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ लावतात; वस्तुतः ही तिन्ही मुखे एकाच शिवाची आहेत. पाहणाऱ्याच्या डावीकडे मिशा असलेले, भुवया चढलेले उग्र अघोर मुख. उजवीकडे हातात कमळ घेतलेले, ओठांवर स्त्रीसुलभ मार्दव असलेले वामदेवाचे मुख. आणि मध्ये, डोळे मिटलेले, ज्याच्या मुद्रेवर राग नाही आणि अनुरागही नाही असे तत्पुरुषाचे मुख. घाईघाईने येऊन, समोर उभे राहून, फोटो काढून जाणारांस एक गोष्ट कळत नाही, ती ही की या लेण्यास दोन अक्ष आहेत. उत्तरेकडून येणारास सदाशिव भेटतो. आणि पूर्वेच्या अंगणातून येणारास, चार दरवाजांच्या व आठ प्रचंड द्वारपालांच्या गाभाऱ्यातील शिवलिंग भेटते. एक वाट रूपाकडे जाते आणि दुसरी अरूपाकडे; दोन्ही एकाच छताखाली एकमेकींस छेदतात. सकाळच्या वेळी पूर्वेकडून उजेड आत येतो तेव्हा ही रचना उमगते, म्हणून पहिली बोट धरावी.

सदाशिवाच्या एका अंगास अर्धनारीश्वर आहे आणि दुसऱ्या अंगास गंगाधर. आमची मंडळी सर्वांत अधिक वेळ थांबली ती गंगाधरापाशी. शिव किंचित मान वळवून उभा आहे, बाजूस पार्वती आहे, पायाशी भगीरथ गुडघे टेकून बसलेला आहे. आणि शिवाच्या मस्तकावर, वर अगदी छताच्या जवळ, तीन मस्तकांची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे : गंगा, यमुना आणि सरस्वती. मान मागे टाकून नीट पाहिल्याखेरीज ती दृष्टीस पडत नाही. कथा सर्वांस ठाऊक आहे. स्वर्गातून कोसळणारी नदी पृथ्वीस पेलवणार नाही म्हणून शिवाने ती जटेत धरली आणि हळूहळू खाली सोडली. आमच्यातील एक गृहस्थ जलसंधारणाच्या कामांवर वर्षानुवर्षे राबलेले. ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा, हे तर देवानं आधीच सांगून ठेवलंय की!’ सर्व हसले. परंतु उतारावर बंधारा बांधून पावसाचे पाणी ओहोळात रांगते करणाऱ्या मुलखाच्या दृष्टीने या शिल्पाचा याहून यथार्थ अर्थ मला तरी कोणत्या ग्रंथात आढळलेला नाही.

हे लेणे कोणी खोदविले, हा प्रश्न विद्वानांत दीर्घकाळ वादाचा होता, आणि त्यात लातूरकराचा थोडा स्वार्थ गुंतलेला आहे. राष्ट्रकूट सम्राट स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर हे सर्वसाधारणपणे मान्य आहे, आणि घारापुरीचे कर्तृत्व काही जुने अभ्यासक याच राष्ट्रकूटांस देत. तथापि आज बहुतेकांचा कौल कलचुरी राजा कृष्णराज याच्या बाजूने, म्हणजे सहाव्या शतकाच्या मध्याकडे आहे. बेटावर त्याची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. निर्णायक पुरावा ठरू शकणारा शिलालेख पोर्तुगीजांनी उचलून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला आणि तेथे तो नाहीसा झाला. बेटास ‘एलिफंटा’ हे नाव देणारा दगडी हत्तीही सुटला नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेस नेण्याचा घाट घातला, यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जुळवून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. रविवारी तो पाहावयास जाणे म्हणजे शहराचा आणि बेटाचा सांधा पाहणे होय. कंधारला एका प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अशा तुकड्यांपुढे उभे राहण्याचा सराव असतो.

श्रेय कलचुरींस गेले म्हणून लातूरकराने खट्टू होण्याचे कारण नाही, कारण पाषाणाचे नाते राजवंशाहून जुने आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडले. घारापुरीचा काळा पाषाण त्याच थरांतला, आणि नांदेड-लातूरची कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारी काळी जमीन ही त्याच पाषाणाची झिजून झालेली माती. आणि लेण्यांसाठी तरी मुंबईच गाठावी लागते असे थोडेच आहे? औशाहून निलंग्याकडे जाताना खरोशाची टेकडी लागते. तिच्या जांभ्या खडकात त्याच प्राचीन युगात खोदलेली लेणी आहेत, त्यांत शिव आहे, विष्णू आहे, रामायणातील प्रसंग आहेत. जांभा मऊ आणि सच्छिद्र असल्याने ऊन-पावसाने तेथील नाक-डोळे पुसट झाले, बेसाल्ट कणखर असल्याने घारापुरीची मुद्रा टिकली. कारागिराची छिन्नी दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने चालली होती. घारापुरी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. खरोशास मात्र पुष्कळ लातूरकरही शाळेच्या सहलीनंतर पुन्हा गेलेले नसतात.

ज्यांस हा बेत करावयाचा आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगणे अवश्य आहे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून दोन सुट्ट्या जोडून येतात तेव्हा बेट सोमवारवर टाकू नये. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात, हिवाळा उत्तम. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवारी सकाळी उतरताच बेट करावे आणि रविवार दक्षिण मुंबईत पायी हिंडण्यास ठेवावा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून घ्यावी, कारण बेटावर पर्यटकांस मुक्काम करू देत नाहीत. आणि एक सूचना अशी की, क्रम उलटा धरावा : आधी एखाद्या रविवारी खरोसा पाहावे, मग कंधार, आणि त्यानंतर घारापुरीचे तिकीट काढावे. घारापुरी आधी पाहिलेल्या माणसास खरोसा उणे भासते आणि तो अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. ज्याची दृष्टी खरोशाच्या पुसट रेषांवर तयार झाली आहे, त्यास मात्र घारापुरीच्या अंधाऱ्या भिंतीवरील प्रत्येक रेषा वाचता येते, आणि वाटाड्याचे पैसेही वाचतात.